फ्राऊ शेनच्या आईचं घर

दिवाळीचा आकाशकंदील म्हणून मी बाल्कनीत जो कंदील टांगला होता तो सुतकाचा होता, हे मला पाहुणे चकली खात असताना कळलं.

हे कसं झालं ते सांगतो. हॅनोव्हरला आम्ही एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. जर्मन माणूस नको असलेली वस्तू फेकून देत नाही. ती खोक्यात घालून जिन्यात ठेवतो आणि वर 'घेऊन जा' अशी चिठ्ठी चिकटवतो. असल्या खोक्यांवर आमचा निम्मा संसार उभा राहिला होता. त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर असाच एक खोका होता आणि त्याला टेकून एक पांढराशुभ्र कंदील. बांबूच्या कामट्या, वर पातळ कागद आणि निळ्या शाईत एक मोठं चिनी अक्षर. बांधणी इतकी सुबक की मी थांबून पाहत राहिलो. मी दरवर्षी जो कंदील करतो त्याला आमची मुलगी ईरा उडती तबकडी म्हणते. म्हटलं, यंदा हा.

"पांढरा? दिवाळीला?" वैजू म्हणाली.

"एलिगंट आहे," मी म्हणालो. बायकोनं रास्त शंका काढली की मला हमखास इंग्रजी सुचतं.

संध्याकाळी पुण्याकडची तीन आयटी कुटुंबं फराळाला आली. कुणीतरी त्या अक्षराचा अर्थ विचारला. "समृद्धी," मी म्हणालो. मला चिनी येत नाही, पण चिनी अक्षर म्हटलं की अर्थ बहुधा समृद्धी असतो, असा माझा समज. तेवढ्यात बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्राऊ शेन, म्हणजे आपल्याकडच्या शेनबाई. पांढरं जाकीट, हातात पांढऱ्या शेवंतीची जुडी. त्या कमरेत वाकल्या, पुन्हा वाकल्या, आणखी एकदा वाकल्या, आणि मग हळूच विचारलं, "कोण गेलं?"

माझ्या मागून लाल पैठणीतली वैजू करंज्यांचं ताट घेऊन आली. आतून हसण्याचा गडगडाट झाला. फ्राऊ शेननी आधी पैठणी पाहिली, मग करंज्या, मग मला. परक्या लोकांच्या रीतीबद्दल मनात वाईट येऊ न देण्याची धडपड त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मी तो चेहरा ओळखला. जर्मन सहकाऱ्यांनी आंघोळीच्या सामायिक जागेत कपडे काढले तेव्हा माझा अगदी तस्साच झाला होता.

तो कंदील त्यांनी केला होता आणि खळ वाळावी म्हणून जिन्यात ठेवला होता. खोका शेजारच्यांचा. अक्षर समृद्धीचं नव्हतं, त्यांच्या आडनावाचं होतं. ज्या घरात माणूस गेलं त्या घराच्या दाराशी असा कंदील लावतात. मी धावत जाऊन तो काढायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"एकदा दुसऱ्याच्या दारी लागला, परत घेत नाही. आता तुमचा."

मग त्यांनी उभ्या उभ्या एक करंजी खाल्ली, "गेनाऊ" म्हणाल्या आणि गेल्या. शेवंती आमच्याकडेच राहिली. कंदील तळघरात गेला.

फ्राऊ शेन तेव्हा पंचावन्नच्या असतील. बुटक्या, काटक, केस स्वतःच आरशासमोर कापल्यासारखे. प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात त्या कागदकाम शिकवायच्या आणि उरलेला वेळ स्वतःचं काहीतरी घडवायच्या. त्यांचं जर्मन मोजकं होतं आणि त्यातला बराचसा भार 'गेनाऊ' ह्या एकाच शब्दावर. 'बरोबर' एवढाच त्याचा अर्थ, पण पटलं तरी गेनाऊ, नाही पटलं तरी गेनाऊ, आणि बोलणं संपवायचं असलं की फार ठाम गेनाऊ. कुठला आहे ते सुरावरून ओळखायचं. वैजूला ते लगेच जमलं. मला सगळे गेनाऊ कौतुकाचेच वाटायचे.

त्यांची आणखी एक लकब होती. कुठल्याही दारातून जाताना त्या पाय चांगला गुडघ्याइतका उचलायच्या, उंबऱ्यात मांजर झोपलं असावं तसा. लहानपणीच्या घराला उंच उंबरा होता म्हणे. त्या घरातून बाहेर पडून त्यांचं निम्म्याहून जास्त आयुष्य सपाट दारांच्या देशात गेलं, पण पायाला ते कुणी सांगितलं नव्हतं. सुपरमार्केटच्या आपोआप उघडणाऱ्या दारातही त्या तशाच शिरायच्या आणि मागचा माणूस अडखळायचा.

'थँक्यू'ला त्यांच्याकडे शब्द नव्हता, संत्री होती. त्यांच्यासाठी काही केलं, अगदी पार्सल घेऊन ठेवलं तरी, दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पायपुसण्यावर तीन संत्री. माणशी एक. सासूबाई पुण्याहून आल्या त्या आठवड्यात चार झाली.

"हिला कसं गं कळलं मी आलेय ते?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज तळमजल्यापर्यंत जात असल्यानं कुणी उत्तर दिलं नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा स्वतःच कंदील केला, तर फ्राऊ शेननी तो हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "हे करताना कुणावर रागावला होता?"

"कुणावर नाही."

"मग घाई होती. कागदाला दोन्ही सारखंच दिसतं." आणि माझ्या देखत त्यांनी कंदिलाची एक कामटी वाकवून सरळ केली, जशी शाळेत बाई पोराची कॉलर सरळ करतात.

गावातल्या मोठ्या दफनभूमीत त्यांना कलाकृती उभारायला जागा मिळाली तेव्हा पुढचं सगळं सुरू झालं. जर्मनीत थडग्याची जागा भाड्यानं असते. वीस-पंचवीस वर्षं झाली आणि घरच्यांनी मुदत वाढवली नाही, की दगड उचलतात आणि तिथं हिरवळ लावतात. मेल्यावरही भाडेकरूच, ह्या कल्पनेनं मी सर्द झालो होतो. फ्राऊ शेन मात्र अशाच एका मोकळ्या झालेल्या हिरवळीवर खूश होत्या. तिथल्या कला मंडळानं त्यांना एक महिना दिला होता आणि त्यांना तिथं कागदाची समाधी बांधायची होती.

समाधी म्हणजे चबुतरा नव्हे. त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर काड्यापेट्या मांडून समजावलं. त्यांच्याकडे राजांच्या समाधीपुढे लांब वाट असते, दोन्ही कडांना दगडी प्राण्यांच्या जोड्या. मग एक आडवी भिंत, कारण भुतं सरळच चालतात, त्यांना वळता येत नाही. मग उंच उंबरा. मग घर, आणि त्याचं दार नेहमी अर्धवट उघडं. हे सगळं त्या बांबू आणि पांढऱ्या कागदातून करणार होत्या. आत राजाचं काही नाही. एक पलंग, एक चूल, पाण्याचा थर्मास, शिवणयंत्र, एक चष्मा.

प्राण्यांत हत्ती होते. एके दिवशी मला खाली बोलावलं गेलं.

"तुम्ही भारतीय. हत्ती बघा."

माझा हत्तीशी संबंध गणपतीपुरता, आणि त्याचं मागचं अंग मी कधी पाहिलेलं नाही. पण देशाची अब्रू होती. मी दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणालो, "शेपटी जरा वर हवी."

"गेनाऊ," त्या म्हणाल्या, आणि शेपटीला हात लावला नाही.

वैजूला खळ करता येते हे कळल्यावर ती रोज संध्याकाळी खाली जायला लागली. तांदळाचं पीठ, मंद आच, गुठळी होऊ द्यायची नाही. त्यांना तिची खळ आवडली. दोघी फारसं बोलायच्या नाहीत, म्हणजे मला तसं वाटायचं. एक दिवस वैजू वर आली, सोफ्यावर बसली आणि तिनं सांगितलं.

फ्राऊ शेनच्या वडलांचं दुकान होतं. मेलेल्या माणसासाठी ते कागदाची घरं करायचे. घर जाळलं की ते त्या माणसाला पोचतं, त्याला तिकडे राहायला मिळतं. मग असा काळ आला की जुनं ते सगळं मोडा म्हणून शाळेतल्या मुलांनाच रस्त्यावर उतरवलं. फ्राऊ शेन पंधरा वर्षांच्या होत्या.

"वर्गातल्या मुलांना दुकान माहीत नव्हतं," वैजू म्हणाली. "रस्ता हिनं दाखवला. वडलांनी दार धरून ठेवलं, मुलांना आत येता यावं म्हणून. त्याच हिवाळ्यात आई गेली. गावात एक कागदी घर शिल्लक नव्हतं आणि नवं करायची कुणाची छाती नव्हती. म्हणाली, आई तेव्हापासून बाहेर आहे."

"बाहेर म्हणजे?"

"उघड्यावर."

मी "हो का" म्हणालो आणि टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही बंद होता.

तर ते घर पाहण्यासाठी नव्हतं. महिनाभर लोकांनी पाहावं हा कला मंडळाचा हेतू. शेवटच्या रविवारी ते जाळायचं, हा त्यांचा. दफनभूमीचे अधिकारी हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रांडेस, फार सभ्य आणि फार घाबरट गृहस्थ, दोन्हीला कसेबसे तयार झाले. जाळताना अग्निशमन दलाची गाडी उभी राहील. पण त्याआधी महिनाभर लोक आत-बाहेर करणार, तर तोवर कागद पेट घेणार नाही, असं जाणकारानं लिहून द्यायला हवं.

जाणकार म्हणजे मी. माझा धंदाच तो. कारखान्यांना आग लागू नये म्हणून काय करावं हे सांगायचा मला पगार मिळतो. आयुष्यात पहिल्यांदा शेजारच्या कुणाला माझ्या नोकरीचा उपयोग होणार होता. मी उत्साहानं सांगितलं, बोरॅक्स आणि आणखी एक क्षार पाण्यात विरघळवून फवारू. त्या पाण्यात बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी मेणबत्तीवर धरून दाखवली. ती काळी पडली, पण पेटली नाही.

फ्राऊ शेननी पट्टी हातात घेऊन पाहिली. "आणि शेवटच्या रविवारी?"

"हे क्षार पाण्यात विरघळतात. महिनाभरात हॅनोव्हरला पाऊस किती पडतो? चार सरी आल्या की सगळं धुऊन जाईल. कागद तुमचा तेलाचा हात दिलेला, त्याला काही होणार नाही. मी सांगतो ना."

"नक्की?"

"माझ्यावर सोडा."

त्यांनी पट्टी माझ्या हातात परत दिली. मग "गेनाऊ." हा कुठला होता ते मी ओळखायला हवं होतं.

फवारणीच्या दिवशी झाडांना पाणी मारायची बाटली घेऊन मी एकटाच तिथं होतो. सही माझी, शिक्का माझा. मनात आलं, एखाद्या शाळकरी पोरानं काडी ओढली तर? हेर ब्रांडेस माझ्या साहेबाला फोन करतील. म्हणून मी पाण्यात क्षाराचा पुडा आणखी कलता केला. पुन्हा वाटलं, कोपरे राहिले. पुन्हा केला. शेवटी मोजलेलं प्रमाण बाजूलाच राहिलं आणि सगळं घर, भिंत, हत्ती, थर्मास, दोनदा न्हाऊन निघालं. घरी येऊन वैजूला सांगितलं, तर ती म्हणाली, "आमटीतही तुमचा मिठाचा हात असाच." मी हसलो.

तो फुटबॉलच्या वर्ल्डकपचा उन्हाळा. बाल्कन्यांमधून झेंडे, रस्त्यांवर गाणी, आणि आकाशात ढगाचा तुकडा नाही. जर्मन लोक एकमेकांना "काय सुरेख हवा" म्हणायचे आणि मी दर सकाळी खिडकीतून वर पाहायचो, तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यासारखा. शेवटच्या आठवड्यात मी ऑफिसातून परस्पर दफनभूमीत गेलो. तिथं नळापाशी झाऱ्या टांगलेल्या असतात, थडग्यांवरच्या फुलझाडांसाठी. एक भरून घेतली आणि समाधीपाशी पोचलो, तर बाकावरच्या आजीबाई म्हणाल्या, "कागदाला पाणी घालताय?"

"नाही नाही," मी म्हणालो, आणि वळून शेजारच्या एका अनोळखी गृहस्थांच्या बेगोनियांना सगळी झारी घातली. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्याच आजीबाई. पुन्हा बेगोनिया. त्या मला म्हणाल्या, "तुमचे कोण?" मी मान खाली घातली, ते त्यांना शोक वाटला असावा.

त्या रविवारी संध्याकाळी चांगलं ऊन होतं. शेजारीपाजारी आले, कला मंडळाचे लोक आले, हेर ब्रांडेस काळ्या टायमध्ये घामेजून उभे. लाल गाडीला टेकून अग्निशमन दलाचे दोन जवान. फ्राऊ शेन जाड्याभरड्या तागाच्या पांढऱ्या कपड्यांत आल्या. प्राण्यांच्या वाटेनं चालत गेल्या, भिंतीला वळसा घातला, आणि उंबऱ्यावरून पाय उचलला. आयुष्यात एकदाच मी त्यांना खऱ्या उंबऱ्यावरून जाताना पाहिलं. अर्धवट उघड्या दाराशी वाकून त्यांनी आत काहीतरी सांगितलं, अगदी थोडं, आणि मागे येऊन काडी लावली.

कागद काळा पडला. काडी विझली.

त्यांनी दुसरी लावली, मग वर्तमानपत्राचा बोळा पेटवून पलंगाखाली सरकवला. बोळा नीट जळला. पलंग तसाच राहिला, एका पायाशी फक्त डाग. मग जवानांपैकी एकजण गॅसची बंदूक घेऊन मदतीला गेला. ज्वाळा जिथं लागेल तिथं भोक पडायचं, काठ लाल व्हायचे आणि शांतपणे विझायचे. दोन हत्ती काळे झाले. घर उभंच.

"फोरबिल्डलिश," तो जवान हसत म्हणाला. म्हणजे आदर्श काम, इतरांनी धडा घ्यावा असं. "कुणी केलंय हे?"

हेर ब्रांडेसनी कौतुकानं माझ्याकडे बोट दाखवलं. कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी काहींनी. कला मंडळाच्या बाई म्हणाल्या की मृत्यूचा हा नकार फारच अर्थपूर्ण आहे. मी उभा होतो. हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं, म्हणून मी ते खिशात घातले, तर खिशात फवारणीच्या दिवशीची पावडर होती, बोटांना लागली.

फ्राऊ शेन माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्या माझ्या मागे उभ्या असलेल्या वैजूला म्हणाल्या, "घरी जाऊ. पाय दुखतात." आणि दोघी गेल्या. सोमवारी दफनभूमीच्या कामगारांनी घर मोडून रद्दी कागदाच्या कंटेनरमध्ये भरलं. प्रदर्शन संपल्यावर तसंच ठरलेलं होतं.

त्यानंतर मी जिन्यातून पावलांचा आवाज न करता जायला शिकलो. माफी मागायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा जर्मन वाक्य तयार केलं, व्याकरण तपासलं, आणि व्याकरण बरोबर आहे ह्याचीच इतकी लाज वाटली की परत आलो. वैजू मात्र खाली जातच होती. तिच्याकडून कळलं की फ्राऊ शेन सप्टेंबरअखेर ब्रेमेनला मुलीकडे राहायला जाणार. नवं घर करणार का असं तिनं विचारलं होतं. त्यांनी बोटं दाखवली. सांधे सुजले होते.

जायच्या आदल्या संध्याकाळी बेल वाजली. दारात फ्राऊ शेन.

"कंदील," त्या म्हणाल्या. "तुमच्या तळघरात आहे?"

मला समजायला क्षणभर लागला. तो कंदील फवारणीच्या खूप आधीचा. माझा हात न लागलेलं त्यांच्या हातचं काम आता तेवढं एकच उरलं होतं. मी जिना उतरून पळत गेलो. ईराच्या बर्फावर घसरायच्या स्लेजच्या मागे होता, धुळीनं करडा झालेला, पण कामट्या जागच्या जागी.

त्यांनी आमच्याच टेबलावर तो सोडवला. वैजूनं खळ केली. त्याच कामट्या, तोच कागद. बोटं दुखत होती म्हणून मधेमधे थांबायच्या. तळहातावर मावेल एवढी एकच खोली झाली. उंबरा केला. दार अर्धवट उघडं ठेवलं. आडनावाचं अक्षर नेमकं छपरावर आलं. मी कात्री पुढे केली, तर त्यांनी ती घेतली आणि बाजूला ठेवून दाताने कागद तोडला.

मग आम्ही मागच्या अंगणात गेलो. तिथं आमची गोल शेगडी होती, उन्हाळ्यात पनीर भाजायची. वैजूनं ती घासून आणली होती.

"पापा, फरबोटन," ईरानं आठवण करून दिली. अंगणात शेगडी पेटवायला बंदी आहे, ही पाटी तीच मला नेहमी वाचून दाखवायची.

"असू दे," मी म्हणालो. आयुष्यभर पाट्या पाळल्या, त्याचं काय झालं ते पाहिलंच होतं.

फ्राऊ शेननी काडी वैजूच्या हातात दिली आणि तिच्या मनगटाला धरून दोघींनी मिळून लावली. एवढंसं घर. मी अजून श्वास रोखतोय तोवर संपलंसुद्धा. एक पिवळी ज्वाळा, कामट्या दोनदा तडतडल्या, आणि काळा पापुद्रा उडून दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला. फ्राऊ शेन मान वर करून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिल्या. मी इतक्या दिवसांचं साठवलेलं वाक्य काढलं, "फ्राऊ शेन, मला फार..."

"गेनाऊ," त्या म्हणाल्या. हा मात्र मी बरोबर ओळखला आणि गप्प बसलो.

सकाळी मुलगी गाडी घेऊन आली. मी खिडकीतून पाहत होतो. खाली जायचं धैर्य नव्हतं, आणि खोकी उचलायला माणसं आहेत अशी मी स्वतःची समजूत घातली होती. फ्राऊ शेन थर्मास काखेत धरून इमारतीच्या दारातून बाहेर पडल्या, पाय चांगला उंच उचलून. गाडीत बसतानाही तसाच. मग दार लागलं.

आमचं दार उघडलं तर पायपुसण्यावर संत्री होती. दोन.

मी वाकून पायपुसणं उचलून पाहिलं. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून पाहिलं. "गडबडीत तिसरं राहिलं असेल," मी म्हणालो. "निघायची घाई, मोजायला चुकल्या असतील."

वैजूनं दोन्ही संत्री उचलली. एक ईराच्या डब्यात टाकलं. दुसरं सोललं, साल टेबलावर ठेवली, आणि मधोमध दोन भाग करून एक माझ्यासमोर धरला.

"त्या मोजायला चुकत नाहीत," ती म्हणाली. "हे माझ्यातलं देतेय. घ्या."